टॉर्क मोठा की अश्वशक्ती?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मोटरसायकलच्या शोरूममध्ये गेलं की विक्रेता आपल्या हातात एक गुळगुळीत माहितीपत्रक ठेवतो. पहिल्या पानांवर डोंगर, धुकं आणि हेल्मेट घातलेला देखणा तरुण असतो. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत एक तक्ता असतो. त्या तक्त्यात दोन आकडे हमखास असतात. एक कमाल शक्तीचा, म्हणजे हॉर्सपॉवरचा आणि दुसरा कमाल टॉर्कचा. आपण विचारतो, "या दोन्हींत फरक काय हो?" उत्तर ठरलेलं असतं, "साहेब, हॉर्सपॉवर म्हणजे स्पीड आणि टॉर्क म्हणजे पिकअप. घाटात टॉर्क लागतो." आपण मान डोलावतो आणि 'अ‍ॅव्हरेज किती देते?' या ओळखीच्या प्रश्नाकडे वळतो.

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या मुलांना बरीच वर्षं शिकवलं. 'टॉर्क मोठा की हॉर्सपॉवर?' या प्रश्नावर वर्गात दरवर्षी दोन तट पडायचे. एक तट बुलेटवाल्यांचा आणि दुसरा तट जोरात पळणाऱ्या गाड्यांचा. वाद रंगायचा, पण आपण कशाबद्दल बोलतोय हे दोन्ही बाजूंना नीट ठाऊक नसायचं. हा वाद फक्त शब्दांचा असता तर मी आज तुमचा वेळ घेतला नसता. पण या गैरसमजापायी माणसं कर्ज काढून नको ती गाडी घेतात, चांगल्या इंजिनांचे हाल करतात आणि घाटात ट्रकला ओलांडताना अडचणीत सापडतात. म्हणून हा विषय जरा मुळापासून पाहू.

आधी टॉर्क. शास्त्राच्या पुस्तकात त्याला आघूर्ण म्हणतात. आपण साध्या भाषेत पीळ म्हणू. एखादी वस्तू फिरवण्यासाठी लावलेला जोर म्हणजे पीळ. चाकाचा घट्ट बसलेला नट आखूड पान्याने सुटत नाही, तेव्हा फिटर काय करतो? पान्याला पाइप अडकवून त्याची लांबी वाढवतो. हाताचा जोर तोच असतो, पण दांडा लांब झाल्याने पीळ वाढतो आणि नट सुटतो. म्हणजे पीळ हा जोर आणि अंतर यांचा गुणाकार आहे. तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. एक मीटर लांबीच्या दांडीच्या टोकाला साधारण शंभर ग्रॅमचं वजन टांगलं, तर दांडीच्या दुसऱ्या टोकाला जो पीळ बसतो तो एक न्यूटन-मीटर.

आता एक गंमत पाहा. रॉयल एनफिल्डच्या २०२१ साली आलेल्या नव्या क्लासिक ३५० गाडीच्या इंजिनाचा कमाल टॉर्क २७ न्यूटन-मीटर आहे. आणि तुम्ही एक फुटाच्या पान्यावर वीस किलोचा जोर दिला, तर तुमच्या हाताचा पीळ होतो जवळजवळ ६० न्यूटन-मीटर. म्हणजे त्या इंजिनाच्या दुपटीहून जास्त! मग पान्यावर जोर देणारा माणूस बुलेटपेक्षा ताकदवान म्हणायचा का? नाही. कारण तुम्ही तो पाना मिनिटाला चार हजार वेळा फिरवू शकत नाही. इंजिन फिरवू शकतं. नुसत्या पिळावरून काम किती होणार ते कळत नाही. तो पीळ किती वेगाने फिरतोय हेही सांगावं लागतं. हॉर्सपॉवर इथे येते.

अश्वशक्तीची कल्पना जेम्स वॉट या स्कॉटिश अभियंत्याची. त्याला वाफेची इंजिनं विकायची होती आणि गिऱ्हाइकं होती घोड्यांवर काम चालवणारी. त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "हे यंत्र किती घोड्यांचं काम करेल?" म्हणून १७८०च्या दशकात वॉटने घोड्याच्या कामाचं माप ठरवलं : एका मिनिटात ३३,००० पौंड वजन एक फूट उचलणं. आपल्याकडे वापरात असलेल्या मेट्रिक मापात सांगायचं तर पंचाहत्तर किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलणं म्हणजे एक अश्वशक्ती. वॅटमध्ये साधारण ७३५.

आपल्या शेतकऱ्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. विहिरीवर तीन एचपीची मोटार बसवली तर पाटात पाणी किती आणि पाच एचपीची बसवली तर किती, हे त्याला पक्कं माहीत असतं. दोन्ही मोटारी पाणी चढवतातच. पाच एचपीची मोटार तेवढंच पाणी कमी वेळात चढवते. शक्ती म्हणजे काम करण्याचा वेग. ही व्याख्या मनात धरून ठेवा, म्हणजे पुढचं सगळं सोपं आहे.

आता या दोघांचं नातं. इंजिनाची अश्वशक्ती थेट मोजता येत नाही, हे ऐकून माझ्या मुलांना नेहमी नवल वाटायचं. आमच्या कार्यशाळेत इंजिनाच्या चाकाभोवती दोर गुंडाळायचा, त्याच्या एका टोकाला वजनं लावायची, दुसऱ्या टोकाला स्प्रिंगचा काटा, आणि ते चाक दोराच्या घर्षणाविरुद्ध फिरवायचं. म्हणजे चालत्या इंजिनाला एक प्रकारचा ब्रेकच लावायचा. त्यावरून पीळ कळतो. सोबत मिनिटाचे फेरे मोजायचे. पीळ आणि फेरे यांचा गुणाकार केला की शक्ती मिळते. 'ब्रेक हॉर्सपॉवर' किंवा बीएचपी या शब्दातला ब्रेक तो हाच. गास्पार द प्रोनी या फ्रेंच अभियंत्याने १८२१ साली अशा मापनासाठी ब्रेक बनवला होता. आज यंत्रं संगणकाला जोडलेली असतात, पण तत्त्व तेच आहे.

सूत्र पाठ करण्याइतकं सोपं आहे. न्यूटन-मीटरमधला टॉर्क गुणिले मिनिटाचे फेरे, भागिले साधारण सात हजार, म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती. क्लासिक ३५०चा २७ न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो तो ४००० फेऱ्यांना. सत्तावीस गुणिले चार हजार, भागिले सात हजार : उत्तर आलं साडेपंधराच्या जवळ. म्हणजे त्या क्षणी इंजिन साडेपंधरा अश्वशक्ती देतंय. फेरे आणखी वाढवत नेले की पीळ हळूहळू कमी होतो, पण फेरे त्याहून जास्त प्रमाणात वाढत असतात, म्हणून शक्ती वाढतच राहते. ६१०० फेऱ्यांना ती कमाल, म्हणजे वीस-साडेवीस अश्वशक्तीला पोहोचते. त्यानंतर पीळ इतका घसरतो की फेरे वाढवूनही काही हाती लागत नाही.

म्हणजे टॉर्क आणि हॉर्सपॉवर या दोन वेगळ्या ताकदी नाहीतच. एका इंजिनाच्या पोटात पिकअपसाठी एक आणि स्पीडसाठी दुसरी अशी व्यवस्था नसते. एकाच कामाची ही दोन मापं आहेत. एक सांगतं जोर किती, दुसरं सांगतं तो जोर किती झपाट्याने कामाला लागतोय.

"पण सर, रस्त्यावर गाडीला शेवटी ढकलतो तो टॉर्कच ना?" असा प्रश्न वर्गातल्या हुशार मुलाकडून येतोच. बरोबर आहे, पण तो टॉर्क इंजिनाचा नव्हे, मागच्या चाकाचा. आणि या दोन टोकांच्या मध्ये गिअर बसलेले असतात. शंभर सीसीच्या आपल्या साध्या गाडीच्या इंजिनाचा टॉर्क आठ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे सुमारे तीस फेरे होतात तेव्हा चाकाचा एक फेरा होतो. फेरे तीसपट घटले, त्यामुळे पीळ तीसपट वाढला. घर्षणाचं नुकसान बाजूला ठेवलं तर चाकावर झाले दोनशे चाळीस न्यूटन-मीटर. टॉर्क हवा तितका वाढवून मिळतो, फक्त त्याची किंमत फेऱ्यांमध्ये मोजावी लागते. अश्वशक्ती मात्र कुठलाही गिअर वाढवून देत नाही. इंजिनाने दिली तेवढीच, थोडी घर्षणात गमावून, चाकाला मिळते.

याचं एक टोकाचं उदाहरण देतो. चाकणला तयार होणारी केटीएमची ३९० ड्यूक घ्या. २०२३ साली आलेल्या ३९९ सीसीच्या गाडीची कमाल शक्ती ४६ अश्वशक्ती आणि टॉर्क ३९ न्यूटन-मीटर. आता शेतातला ३५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घ्या, ज्याचं इंजिन २००० फेऱ्यांना ती शक्ती देतं. आपल्या सूत्राने त्याचा टॉर्क येतो १२२ न्यूटन-मीटर, मोटरसायकलच्या तिपटीहून जास्त. तरी कागदावरच्या हिशेबाने ड्यूकचं इंजिन योग्य गिअर लावून नांगराला जोडलं, तर ते ट्रॅक्टरपेक्षा थोडं जास्तच काम करेल. पण दिवसभर साडेआठ हजार फेऱ्यांनी कोकलत ते किती दिवस टिकेल, हा प्रश्न वेगळा. ट्रॅक्टरचं इंजिन संथ ठेवतात ते टिकावं म्हणून आणि चालवणाऱ्याला सारखे गिअर बदलावे लागू नयेत म्हणून.

मग टॉर्कवाल्या गाडीचं जे कौतुक होतं ते सगळं खोटं का? अजिबात नाही. लोकांना जाणवतं ते खरंच असतं, फक्त त्याचं नाव चुकतं. ते नीट कळण्यासाठी आपल्याला रोज मुळात किती शक्ती लागते ते पाहू.

सपाट रस्त्यावर एकटा माणूस सरळ बसून ताशी साठ किलोमीटरने चाललाय. हवेचा विरोध आणि टायरचं घर्षण मिळून त्याला साडेतीन-चार अश्वशक्ती पुरतात. हो, फक्त चार! वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो आणि त्या विरोधातून दुप्पट वेगाने जायचं म्हणून हवेसाठी लागणारी शक्ती आठपट होते. त्यामुळे ताशी एकशेवीसला तोच माणूस वीस अश्वशक्तीच्या पुढे जातो. आठ अश्वशक्तीची गाडी ऐंशी-नव्वदच्या आसपास का थांबते आणि वीसची एकशेवीसच्या अलीकडे-पलीकडे का दमते, त्याचं कारण हेच आहे. कमाल अश्वशक्तीचा आकडा खरा कामाला येतो तो तिथे, वेगाच्या शेवटच्या टोकाला.

आता घाट. पंधरा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर नेणारा चढ धरा. गाडीवर दोन माणसं, सगळं मिळून सव्वातीनशे किलो, वेग चाळीस. चढ, घर्षण आणि हवा, सगळ्यांची बेरीज पाच अश्वशक्तीच्या थोडी वर जाते. म्हणजे घाटसुद्धा पाच-साडेपाच घोड्यांत चढून होतो! मग वीस-पंचवीस अश्वशक्तीच्या गाड्या घाटात का गुदमरतात?

कारण आपण गाडी चालवतो तेव्हा इंजिन कमाल शक्तीच्या फेऱ्यांवर नसतंच. रोजच्या वापरात आपला हात अडीच हजार ते पाच हजार फेऱ्यांच्या मध्ये फिरतो. पेट्रोल वाचावं, आवाज होऊ नये, इंजिनाला त्रास नको, ही आपली सवय. म्हणून माहितीपत्रकातली कमाल शक्ती बाजूला ठेवा आणि प्रश्न असा विचारा : मी ज्या फेऱ्यांवर गाडी चालवतो, तिथे हे इंजिन किती शक्ती देतं?

त्यासाठी दोन गाड्या शेजारी ठेवू. केटीएमची २०० ड्यूक देते २५ अश्वशक्ती, पण १०,००० फेऱ्यांना. तिचा कमाल टॉर्क १९च्या थोडा वर, तोही ८००० फेऱ्यांना. क्लासिक देते वीस-साडेवीस. कमाल आकडे पाहिले तर ड्यूक पुढे. आता दोघींना ४००० फेऱ्यांवर आणा. क्लासिक साडेपंधरा अश्वशक्ती देते हे आपण पाहिलं. ड्यूकचा कमाल टॉर्क जरी तिथेच मिळतो असं समजून तिला झुकतं माप दिलं, तरी हिशेब अकराच्या पुढे जात नाही आणि प्रत्यक्षात त्याहून कमीच असणार. म्हणून क्लासिकवाला म्हणतो, "आमच्या गाडीला टॉर्क आहे." त्याला म्हणायचं असतं की कमी फेऱ्यांना माझ्या गाडीत जास्त अश्वशक्ती आहे. आणि ड्यूकवाला फेरे आठ-नऊ हजारांवर ठेवून पळाला की क्लासिक मागे पडते, कारण तिथे शक्ती त्याच्याकडे जास्त आणि गाडीचं वजनही तीसेक किलोंनी कमी.

हा फरक येतो कुठून? 'लांब स्ट्रोक म्हणजे टॉर्क' असं मेकॅनिक मंडळी सांगतात. यात अर्धंच सत्य आहे. या दोन्ही इंजिनांचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, अगदी सारखा आहे : ७२ मिलिमीटर. स्ट्रोक मात्र क्लासिकचा ८५.८ आणि ड्यूकचा ४९ मिलिमीटर. क्लासिकचा पिस्टन प्रत्येक फेऱ्यात खूप लांब पल्ला वर-खाली करतो. कमाल शक्तीच्या फेऱ्यांवर दोघांच्या पिस्टनचा सरासरी वेग काढला तर क्लासिकचा येतो सेकंदाला साडेसतरा मीटरच्या आसपास आणि दहा हजार फेऱ्यांवर ओरडणाऱ्या ड्यूकचा सोळा-सव्वासोळा. म्हणजे संथ वाटणाऱ्या क्लासिकच्या पिस्टनची धावपळ कमी नाही! तिला दहा हजार फेरे दिले तर हा वेग साडेअठ्ठावीसवर जाईल आणि ते त्या इंजिनाला झेपणार नाही.

म्हणून लांब स्ट्रोकच्या इंजिनाला फेऱ्यांची मर्यादा येते. ते जास्त फिरणारच नाही, म्हटल्यावर बनवणारा त्याचे व्हॉल्व्ह, त्यांच्या उघडझापीची वेळ, हवेचा मार्ग हे सगळं कमी फेऱ्यांना सिलिंडर छान भरेल अशा बेताने ठेवतो. छोट्या स्ट्रोकचं इंजिन जोरात फिरू शकतं, म्हणून त्याचा सगळा बेत वरच्या फेऱ्यांसाठी केलेला असतो. आणि सीसीच्या मानाने पाहिलं तर 'टॉर्क नाही' म्हणून हिणवली जाणारी ड्यूकच एका सीसीमागे जास्त टॉर्क काढते. क्लासिकचा आकडा मोठा दिसतो, कारण मुळात तिचे सीसी जास्त आहेत आणि तो मिळतो लवकर, इतकंच.

आणखी एक गोष्ट टॉर्कच्या खात्यावर जमा होते, ती म्हणजे जड फ्लायव्हील. जड चाक एकदा फिरलं की सहजी थांबत नाही. क्लच सोडताना इंजिन बंद पडत नाही, गर्दीत गाडी संथपणे पुढे सरकते. चालवणाऱ्याला वाटतं, काय हा टॉर्क! पण फ्लायव्हील शक्ती निर्माण करत नाही. ते साठवलेली शक्ती अडीअडचणीला देतं आणि परत मागून घेतं. लांब चढावर त्याचा उपयोग नाही.

आता हे सगळं प्रत्यक्ष उपयोगात कसं येतं, ते सांगतो. भोरच्या बाजूचे एक दूधवाले माझ्याकडे आले होते. शंभर सीसीची गाडी, दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन. म्हणाले, "सर, डेअरीच्या आधी एक खडा चढ आहे. गाडी तिथं मरते हो. हिला टॉर्कच नाही. ही विकून मोठी घ्यावी म्हणतो." मोठी गाडी म्हणजे दीड-दोन लाखांचं कर्ज आणि लिटरमागचं अ‍ॅव्हरेज निम्म्यावर. दुधाच्या धंद्यात ते परवडणारं नव्हतं.

मी विचारलं, "चढावर कितव्या गिअरला असता?" म्हणाले, "तिसऱ्याला. दुसरा टाकला की इंजिन लई ओरडतं, फाटेल असं वाटतं." मग आम्ही कागद घेऊन बसलो. गाडी, माणूस, दूध आणि कॅन मिळून पावणेतीनशे किलो. चढ दहास एक. ताशी पंचवीसने चढायला, चेन-गिअरचं नुकसान धरून, इंजिनाकडून साडेतीनच्या वर अश्वशक्ती लागते. तिसऱ्या गिअरला पंचवीसच्या वेगात त्या इंजिनाचे फेरे होतात तीन हजारांच्या आसपास. आठ न्यूटन-मीटर गुणिले तीन हजार, भागिले सात हजार : तीन पूर्णांक चार. लागतात साडेतीनच्या वर, मिळतात फार तर तीन पूर्णांक चार. म्हणजे गाडी मरणारच, वेग पडणार, फेरे आणखी उतरणार, शक्ती आणखी घटणार. हे दुष्टचक्र आहे. तोच वेग दुसऱ्या गिअरला ठेवला तर फेरे होतात चार हजारांच्या थोडे वर आणि शक्ती पावणेपाचच्या पुढे. काम झालं.

त्यांना मी एवढंच सांगितलं, "चढ सुरू होण्याआधी दुसरा टाका आणि इंजिनाला ओरडू द्या. ते ओरडत नाही, काम करतंय. आठ हजारांपर्यंत फिरण्यासाठीच ते बनवलंय. त्याला खरा त्रास होतो तो तिसऱ्या गिअरला पूर्ण रेस देऊन दाबलं की." महिन्याभराने ते भेटले, त्याच गाडीवर. म्हणाले, "कर्जाचं रद्द केलं, सर." कुणाचा मार्ग सगळाच चढाचा असेल तर चेनचं पुढचं लहान स्प्रॉकेट चौदाऐवजी तेरा दात्यांचं लावता येतं. चाकावरचा जोर साडेसात टक्क्यांनी वाढतो, पण त्याच वेगाला फेरेही तेवढेच वाढतात. फुकट काही मिळत नाही.

दाबलेल्या इंजिनाबद्दल थोडं अधिक सांगायला हवं. वरच्या गिअरला कमी फेऱ्यांवर रेस पूर्ण पिळली की गाडी थरथरते, चेन हिसके देते, कधी इंजिनातून टिकटिक असा आवाज येतो. पेट्रोल वेळेआधी भडकून पिस्टनवर हातोडीसारखे घाव बसत असतात. क्रँकची बेअरिंगं, पिस्टन, चेन, क्लच सगळ्यांचं आयुष्य त्यात कमी होतं. 'टॉप गिअरला चढवली' हे भूषण मिरवणाऱ्यांच्या गाड्या मी कार्यशाळेत उघडलेल्या पाहिल्या आहेत.

आणि आता सर्वांत महत्त्वाचं, ओलांडण्याचं. घाटात पुढे ट्रक आहे, वेग चाळीस, मागे पत्नी किंवा मुलगा बसलाय. गाडी टॉर्कवाली, म्हणून आपण टॉप गिअरलाच निवांत आहोत. समोरचा रस्ता मोकळा दिसतो आणि आपण रेस पिळतो. क्लासिकचंच उदाहरण घेऊ. टॉप गिअरला चाळीसच्या वेगात फेरे होतात साधारण दोन हजार. कमाल टॉर्क तिथेच मिळतो असं मानलं तरी शक्ती होते पावणेआठ. त्यातली पाच-साडेपाच तर चढ चढण्यातच खर्च होते. वेग वाढवायला उरतात सव्वादोन-अडीच. तेच दोन गिअर उतरवून फेरे साडेतीन हजारांवर आणले तर शक्ती साडेतेराच्या घरात जाते आणि वेग वाढवायला आठ उरतात. गाडी तीच, पेट्रोल तेच, पण हाताशी असलेली ताकद तिप्पट. टॉप गिअरला ओलांडणारा माणूस त्यामुळे समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूला कितीतरी जास्त वेळ राहतो. वळणावरून एसटी आली तर तेवढेच सेकंद जीव वाचवणारे किंवा घेणारे ठरतात. 'आमच्या गाडीला टॉर्क आहे, गिअर बदलावा लागत नाही' हे वाक्य शहराच्या गर्दीत सोयीचं असेल. घाटात ते धोक्याचं आहे. ओलांडायचं असेल तर आधी गिअर उतरवा, मग बाहेर या. बाहेर आल्यावर गिअर शोधत बसू नका.

अलीकडे विजेच्या दुचाकी आल्या आहेत. त्यांच्या जाहिरातींत टॉर्कचे मोठमोठे आकडे असतात. विजेच्या मोटारीचा गुण खरा आहे : शून्य फेऱ्यांपासून ती जवळजवळ पूर्ण पीळ देते. म्हणून सिग्नलला स्कूटर चटकन सुटते आणि गिअरची पेटी लागत नाही. पण आकडा वाचताना तो मोटारीचा आहे की चाकाचा, हे पाहा. काही ठिकाणी चाकावरचा, म्हणजे गुणून वाढलेला टॉर्क छापतात. आपण पाहिलं की चाकावर शंभर सीसीची गाडीसुद्धा पहिल्या गिअरला दोनशेच्या वर न्यूटन-मीटर देते. एका गाडीचा चाकावरचा आणि दुसरीचा इंजिनाचा आकडा शेजारी ठेवला, तर ती तुलनाच होत नाही. अशा वेळी किलोवॅट पाहावेत. गिअरला शक्ती फुगवता येत नाही, म्हणून तो आकडा सहसा फसवत नाही.

तर मग गाडी घेताना काय करायचं? तक्त्यातला टॉर्क आणि हॉर्सपॉवर यांच्या आकड्यांइतकंच त्यांच्यापुढे लिहिलेल्या फेऱ्यांकडे लक्ष द्या. कमाल टॉर्क चार हजारांच्या आसपास मिळत असेल तर गाडी कमी गिअर बदलून, निवांत चालणारी. सात-आठ हजारांना मिळत असेल तर ती तुमच्याकडून गिअर आणि रेस यांचं कौशल्य मागेल आणि ते दिलंत की भरभरून परत करेल. गाडीचं वजन त्या हिशेबात धरायला विसरू नका. आणि चालवून पाहताना एकट्याने शोरूमच्या समोरच्या सपाट रस्त्यावर चक्कर मारू नका. नेहमी मागे बसणाऱ्या माणसाला सोबत न्या आणि तुमच्या रोजच्या वाटेवरच्या चढासारखा चढ गाठा.

रोज गावातून कचेरीत जाणाऱ्याला आठ-दहा अश्वशक्ती पुष्कळ. डबलसीट लांबच्या प्रवासाला जाणाऱ्याला खालच्या फेऱ्यांवर भरलेलं मोठं इंजिन सुखाचं. महामार्गावर वेगाने जाणाऱ्याला कमाल शक्तीचा आकडा महत्त्वाचा. यात श्रेष्ठ-कनिष्ठ असं काही नाही.

माझ्या वर्गातला वाद मी दरवर्षी एकाच प्रश्नाने मिटवायचो. टॉर्क मोठा की अश्वशक्ती, असं कुणी विचारलं की म्हणायचो, "आधी सांग, फेरे किती?" तुम्हीही कुणी या दोन्हींतला एकच आकडा फेकला, तर हाच प्रश्न विचारा. आणि पुढच्या चढावर गाडीने दम टाकला, तर तिला नावं ठेवण्याआधी डाव्या पायाने एक गिअर उतरवून पाहा.